खापरपणजोबांच्या ओव्या

आमच्या गावच्या साहित्य मेळाव्यासाठी मी एक जुना कवी बनवला होता. हे आजवर मी एकाच माणसाला आपण होऊन सांगितलं, आणि त्याबद्दल माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं. पण त्या कबुलीतून मी एक गोष्ट गाळली होती. ती गाळलेली गोष्ट वीस-बावीस वर्षं माझ्याबरोबर राहिली आहे. ती लिहायची म्हणून बसलो खरा, पण ते दिवस आठवले की मला आधी हसूच येतं. इतका आनंदाने खुळावलेला गाव मी पुन्हा पाहिला नाही.

हैदराबाद राज्य मोडून आम्ही नुकते मुंबई राज्यात गेलो होतो. ‘आम्ही’ म्हणतो, पण मी मूळचा बार्शीकडचा, म्हणजे जुन्या सरहद्दीपलीकडचा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी मराठीचा मास्तर म्हणून आलो होतो. इथल्या शिकलेल्या लोकांची सगळी शाळा उर्दूतून झालेली. घरात मराठी बोलायचे, देवाची आरती मराठीत म्हणायचे, पण लिहायला बसले की हात उजवीकडून डावीकडे पळायचा. मला त्याची मोठी गंमत वाटायची. गंमत हा शब्द सौम्य आहे. मला वाटायचं, खरी मराठी मीच घेऊन आलोय.

मेळाव्याची कल्पना वकीलसाहेबांची. ते गावातलं मोठं प्रस्थ, हैदराबादेत शिकलेले, काळा कोट आणि तोंडात वेलदोडा. एका सकाळी ते शाळेत आले आणि हेडमास्तरांच्या टेबलावर छडी ठेवून म्हणाले, “आपल्या मातीतले साहित्यिक. कालचे आणि आजचे. सगळ्यांचा सत्कार. मास्तर, तुम्ही सेक्रेटरी.”

आजचे साहित्यिक दोन दिवसांत एकोणीस झाले. लग्नात मंगलाष्टकं रचून देणारे गुरुजी आले. सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर आले, त्यांच्या नाटकात पहिल्या अंकातच नऊ माणसं मरत होती. हेडमास्तरांनी तालुक्याचा भूगोल लिहिला होता, तेही नाव घालून मोकळे झाले. गावात नुसती लाट आली होती. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला माणूस उठून यमक सांगायचा आणि बाकीचे दाद द्यायचे. किराणा दुकानाच्या पाटीवर गुळावर चार ओळी लिहिलेल्या मी स्वतः वाचल्या.

कालचे साहित्यिक मात्र एकही निघेनात.

“तेरला संत आहेत,” वकीलसाहेब बैठकीत म्हणाले. “एवढंसं गाव, नदीकाठचं. आणि आपण तालुक्याचे. आपल्याकडं कोण?”

हेडमास्तर म्हणाले, “आपल्याकडं कचेरी आहे.”

“कचेरीला हार घालता येत नाही, हेडमास्तर.”

मग वकीलसाहेबांना आपल्या माळ्यावरचं दप्तर आठवलं. लाल रुमालात बांधलेले घराण्याचे मोडी कागद, त्यांच्या वडिलांनंतर कुणी सोडले नव्हते. त्यांना स्वतःला मोडी येत नव्हती. मला येत होती, आमच्याकडं शाळेत शिकवायचे. गाठोडं माझ्या खोलीवर आलं.

चार दिवस मी शिंकत शिंकत ते वाचलं. बांधाची भांडणं, बैलाच्या खरेदीची पत्रं, कुणाच्या तरी लग्नाच्या सामानाची यादी. कवितेची एक ओळ नाही. पाचव्या दिवशी सकाळी वकीलसाहेब हेडमास्तरांना घेऊन माझ्या दारात उभे राहिले. “काय, मास्तर?” एवढंच विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा होती ती मला बघवेना. आणि खरं सांगायचं तर, ‘काही नाही’ म्हणून परत जाणारा मास्तर मला व्हायचं नव्हतं. मी म्हणालो, “ओव्या दिसतात.”

“कुणाच्या?”

“आपल्या खापरपणजोबांच्या.”

वकीलसाहेब उंबऱ्यावरच बसले. वाचून दाखवा म्हणाले. मी त्या लग्नाच्या यादीचा कागद हातात धरला आणि कॉलेजात असताना रचलेली एक ओवी म्हटली:

संसाराचा हा पसारा । मृगजळाचा डोलारा ।
नाम एकचि सहारा । म्हणे दास ॥

वकीलसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. हेडमास्तर म्हणाले, “घराण्यात होतंच ते.” दुपारपर्यंत ही बातमी बाजारात पोचली आणि संध्याकाळच्या आत खापरपणजोबांबद्दल मला ठाऊक नसलेल्या तीन गोष्टी मलाच ऐकायला मिळाल्या. ते एकभुक्त होते. ते ओढ्याकाठी बसून लिहायचे. आणि एकदा त्यांच्या ओवीने पिसाळलेला रेडा शांत झाला होता.

याच धांदलीत अर्जीनवीस चाचा माझ्याकडं आले होते.

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एक उतरतं मेज मांडून चाचा लोकांचे अर्ज लिहायचे. साठीचे, सडपातळ, दाढी मेंदीने रंगवलेली. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे दोन भाऊ हैदराबादेला निघून गेले, चाचा गेले नाहीत. कचेरीचा कारभार मराठीत आल्यावर ते या वयात बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर गिरवायला शिकले होते, पण त्यांचा हात उर्दूचाच. जुने मोडी दस्तही तेच वाचायचे. त्यांनी कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही माझ्यापुढं ठेवली.

“मास्तर, यात ओव्या हायत. बघा, मेळाव्यात चालतील का.”

मी वही उघडली. ती मागून उघडत होती. पानंच्या पानं उर्दू अक्षरांची.

“चाचा, हा मराठीचा मेळावा आहे.”

“मराठीच हाय की. अक्षरं तेवढी आमच्या शाळेतली.”

“नियम आहे. लेखन बाळबोधीत पाहिजे.”

असा नियम नव्हता. तो मी त्या क्षणी केला. चाचा म्हणाले, “मग मी म्हणून दाखवू का दोन?” मी घड्याळाकडं पाहिलं. मंडपाचे बांबू यायचे होते. “यादी बंद झाली, चाचा,” मी म्हणालो. ती बंद झाली नव्हती, कंपाउंडरसाहेबांचे मेहुणे दुसऱ्या दिवशी तिच्यात आले. चाचांनी वही फडक्यात गुंडाळली, “बरं, बरं,” म्हणाले आणि गेले. सबंध वेळात त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी ग्रंथांची मिरवणूक निघाली. पुढं सनई, मागं लेझीम, मध्ये सजवलेली बैलगाडी आणि गाडीत गादीवर लाल रुमालातले खापरपणजोबा. वकीलसाहेब फेटा बांधून गाडीशेजारून चालत होते. तेरखेड्याहून दारूकामवाले बोलावले होते. त्यांनी दिवसाउजेडी काय उडवायचं असं विचारून पाहिलं, पण कुणी ऐकेना. वेशीपाशी त्यांनी पहिला मोठा बार काढला तसे बैल उधळले. गाडी, गादी आणि आमचं सगळं प्राचीन वाङ्मय धुरळा उडवत बाजारातून निघालं. मागं फेटेवाले आजचे साहित्यिक, त्यांच्या मागं लेझीमवाले, त्यांच्या मागं मी, “धरा, धरा” ओरडत. सनईवाल्यांनी वाजवणं थांबवलं नाही, उलट लय वाढवली. बैल अखेर तेल्याच्या दारात पेंड खायला थांबले. एकही कागद पडला नव्हता. गावाने हा चमत्कार मानला आणि त्या आनंदात आणखी चार बार उडाले.

मंडपात पोचलो तेव्हा माझा आवाज पार गेला होता. घशातून नुसती हवा यायची.

इथंच माझी पाचावर धारण बसली. ठरलं होतं असं, की मी मूळ पान हातात घेऊन ओव्या म्हणायच्या. मी आठ दिवसांत बारा ओव्या रचून पाठ केल्या होत्या. आता म्हणणार कोण? जिल्ह्याहून आलेले अध्यक्ष, पिकल्या मिशांचे प्राध्यापक, प्रेमाने म्हणाले, “सेक्रेटरींना त्रास नको. मोडी वाचणारं दुसरं कुणी असेलच.”

“आहेत ना,” वकीलसाहेब म्हणाले. “आमचे अर्जीनवीस चाचा. कुठं आहेत?”

चाचा शेवटी, पाण्याच्या रांजणापाशी बसले होते. लोकांनी त्यांना हाताला धरून पुढं आणलं. मी हातवारे करून ‘नको, नको’ म्हणत होतो, लोकांना वाटलं मी त्यांना मान देतोय. वकीलसाहेबांनी स्वतः रुमाल सोडला, सगळ्यात वरचं पान काढून चाचांच्या हाती दिलं. ते तेच होतं, लग्नाची यादी. हळकुंडं, सुपाऱ्या, पत्रावळी, केळीची पानं. मला अजून आठवतं, मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो आणि मनातल्या मनात बार्शीला जाणाऱ्या मोटारीची वेळ आठवत होतो.

चाचांनी चष्मा लावला. कागद जवळ नेला, लांब नेला. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं सांगता येणार नाही. मग कागदाकडं बघत त्यांनी गळा साफ केला आणि चाल लावली.

ज्वारीच्या ताटाला । वारा सांगे कानाला ।
आधी भरू दे दाण्याला । मग वाक ॥

अध्यक्षांनी मान वर केली. “पुन्हा,” ते म्हणाले. चाचांनी पुन्हा म्हटली आणि कागद उलटला. उलट्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

विहिरीच्या तळाला । चंद्र आला पाण्याला ।
कशी उचलू घागरीला । तो बी येतो ॥

बायकांच्या बाजूला हशा पिकला. कुणीतरी म्हातारी मोठ्याने म्हणाली, “येतो मेला, दर वेळी येतो.” मग सगळा मंडप हसला. चाचा एकामागून एक ओवी म्हणत गेले आणि वकीलसाहेब दुसरं पान, तिसरं पान त्यांच्या हाती देत गेले. बांधाच्या भांडणातून सासुरवाशीण निघाली, बैलाच्या खरेदीतून पहाटेचं नांगरणं निघालं. पाचव्या-सहाव्या ओवीपासून बायकांनी चौथा चरण उचलून धरायला सुरुवात केली. जात्यावरची चाल त्यांची रोजची. लेझीमवाल्यांनी बसल्या जागी ठेका धरला. कंपाउंडरसाहेब, ज्यांच्या नाटकाची वेळ यात गेली, तेही मांडीवर ताल देत होते. आणि मी, पकडला जायचा तो सुटलेला माणूस, आनंदाने खांबाभोवती नाचत होतो. लाज वाटावी इतका नाचलो. मग चाचांनी एक ओवी जरा खालच्या आवाजात म्हटली.

दुसऱ्याचं दुखणं । माझ्या हाती लिहिणं ।
माझं माझं सांगणं । कुणापाशी ॥

लोकांनी तिलाही टाळ्या दिल्या. मी नाचायचा थांबलो. या ओव्या चाचांनी उभ्या उभ्या रचल्या नव्हत्या. त्या वहीतल्या होत्या, फडक्यात गुंडाळून परत नेलेल्या वहीतल्या.

शेवटी अध्यक्षांनी उठून रुमालातल्या दप्तराला हार घातला. दुसरा हार वकीलसाहेबांना, वंशज म्हणून. चाचांना त्यांनी मोडी छान वाचता असं म्हणून नारळ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीच्या व्हरांड्यात गेलो. चाचा एका बाईचा अर्ज लिहीत होते. तिचा अंगठा उमटवून झाला, ती गेली, तोवर मी उभा राहिलो. या वेळी चाचांनी मला बसा म्हटलं.

“चाचा, काल तुम्ही मला वाचवलं,” मी म्हणालो. आवाज थोडा परतला होता.

“तुम्हाला कशाला. हळकुंडं आन् पत्रावळी वाचल्या असत्या तर लोक तिथंच जेवायला बसले असते.”

“त्या ओव्या तुमच्या आहेत ना?”

“मग काय वकीलसाहेबांच्या पणज्याच्या?”

“स्टेजवरच सांगायचं होतं.”

“मला कुणी इचारलं? मोडी येतं का, एवढंच इचारलं.” त्यांनी टाक पुसून ठेवला. “लई वरसं झाली मास्तर, हेच करतोय. लिहायचं म्या, खाली अंगठा दुसऱ्याचा. कालबी तेच झालं. सवय हाय.” मेजावरचे कागद सारखे करत ते म्हणाले, “आपला अंगठा लावून एकदा बघायचा होता, इतकंच.”

मेळाव्याची स्मरणिका निघणार होती. त्याच सकाळी वकीलसाहेबांचा निरोप आला होता की खापरपणजोबांच्या सगळ्या ओव्या बाळबोधीत उतरवून द्या. ती छापली गेली असती तर चाचांच्या ओव्या कायमच्या गेल्या असत्या. मी चाचांकडं वही मागितली. त्यांनी काही न विचारता मेजाच्या खणातून काढून दिली. ती घेऊन मी वकीलसाहेबांच्या बैठकीत गेलो. तिथं पोचेपर्यंत मी तीनदा मागं फिरलो होतो.

वकीलसाहेब झोपाळ्यावर होते. मी एका दमात सांगून टाकलं: दप्तरात ओव्या नव्हत्या, पहिली मी रचली होती, कालच्या सगळ्या चाचांच्या आहेत, ही त्यांची वही. झोपाळा थांबला.

“म्हणजे आमचे खापरपणजोबा...”

“त्यांनी बैल विकत घेतले होते.”

ते म्हणाले, “बायकोच्या माहेरी पत्र टाकलंय मी.” आणि मग: “तरीच ती पहिली इतकी पडेल होती. मी रडलो, पण मला तेव्हाच शंका आली होती.”

त्यांनी हात पुढं केला. मी वही दिली. त्यांनी ती मागून उघडली आणि माझ्यासमोर, जराही न अडखळता, ज्वारीच्या ताटाची ओवी वाचली. पुढची वाचली. हेडमास्तर तेवढ्यात आले, त्यांनीही त्यांच्या खांद्यावरून वाचायला सुरुवात केली. दोघं मिळून वाचत होते, एकमेकांच्या पुढं पळत होते. मी तिथं बसून बघत होतो. आमच्या समितीत पाच माणसं. त्यांतल्या चौघांना ही वही वर्तमानपत्रासारखी वाचता येत होती. वकीलसाहेबांनी स्वागताचं मराठी भाषणसुद्धा उर्दू अक्षरांतच लिहून आणलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वही न वाचता येणारा त्या गावात मी एकटा होतो, आणि नियम मी केला होता.

“चला,” वकीलसाहेब उठले. फेटा नव्हता, कोटही नव्हता, तसेच चपला घालून निघाले. मागं हेडमास्तर, मागं मी. रस्त्यात कंपाउंडर भेटले, तेही कुठं म्हणून न विचारता बरोबर आले. व्हरांड्यात चाचांच्या मेजापुढं अर्जवाल्यांची रांग होती. वकीलसाहेब रांग सोडून पुढं गेले.

“चाचा, तक्रार आहे. आमच्या खापरपणजोबांनी तुमच्या ओव्या चोरल्या, असं सेक्रेटरी म्हणतात.”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग सगळ्यांकडं. “चोरल्या न्हाईत साहेब,” ते म्हणाले. “एका दिवसाच्या बोलीवर नेल्या होत्या.”

व्हरांडा हसला. अर्जवाले कशाला हसताहेत ते न कळताच हसले. वकीलसाहेबांनी तिथंच, मेजाला टेकून जाहीर केलं की स्मरणिकेत ओव्या चाचांच्या नावाने येतील, पहिल्या पानावर, आणि पुढच्या साली चाचा व्यासपीठावर मधल्या खुर्चीत. कंपाउंडर म्हणाले, “आणि खापरपणजोबा?” वकीलसाहेब म्हणाले, “ते आहेत तिथंच बरे आहेत. बैल त्यांनी घेतले होते ते चांगले होते म्हणतात.” कुणीतरी चहा सांगितला. आतून कारकून बाहेर आले, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि या वेळी उधळलेले बैल आणखी लांब धावले.

तेवढ्यात वकीलसाहेबांनी विचारलं, “पण चाचा, ही वही तुम्ही आधीच का नाही आणलीत? मेळाव्याची दवंडी पिटली होती आम्ही.” ते मला ओढून जवळ घेत म्हणाले, “हा मास्तर बघा. पोटातलं सगळं बोलून टाकलं याने. याच्याकडं आणली असती तर याने तेव्हाच वर बसवलं असतं तुम्हाला.”

सगळ्यांनी चाचांकडं पाहिलं. मला बोलता आलं असतं. आवाज होता. एक वाक्य होतं ते, की आणली होती, मी उघडून परत दिली, आणि नियम सांगितला तो खोटा होता. खापरपणजोबांची लबाडी सांगताना मला भीती वाटली होती, पण ती हसण्यावारी जाईल असंही कुठंतरी ठाऊक होतं. हिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

चाचांनी कपातला चहा बशीत ओतला. “सुचलंच न्हाई साहेब,” ते म्हणाले. “आमचं काय, अर्ज लिवणारं माणूस. म्हटलं, आपलं कोण ऐकणार.”

“कमाल आहे तुमची,” वकीलसाहेब म्हणाले, आणि चाचांच्या वेंधळेपणावर सगळे पुन्हा हसले. चाचाही हसले. माझ्या खांद्यावर वकीलसाहेबांचा हात होता, आणि मीही हसलो, बहुतेक सगळ्यांपेक्षा मोठ्याने.